कापसानं भरलेल्या घरात शरदाची सजावट कुठे करायची?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय 27, लग्नाला दोन वर्षं झालीत. शिक्षण नागपुरात, हॉस्टेलवर राहून. सासरी नऊ एकर शेती: कापूस, सोयाबीन आणि तूर. घर अर्धं जुनं, मातीच्या भिंतींचं, वर कवेलू. मागच्या दोन खोल्या स्लॅबच्या. गेल्या ऑक्टोबरात त्यांनी 'ऑटम डेकोर'चे व्हिडिओ पाहून लाल-नारिंगी पानांच्या प्लास्टिकच्या माळा, उशांची कव्हरं, सुगंधी मेणबत्त्या आणि लाइटची माळ असं 2800 रुपयांचं सामान ऑनलाइन मागवलं आणि पुढची खोली सजवली. आठवडाभरात सोयाबीनची पोती आली, मग कापूस आला. सासूबाईंनी माळा काढून गुंडाळून ठेवल्या आणि म्हणाल्या, "कापूस ठेवाले जागा नाही, अन् हे कायले टांगलं वो?" नणंद हसली. नवरा म्हणाला, "आईचं बरोबर आहे." यंदा त्यांना पुन्हा घर सजवायचं आहे, पण भांडण नको आहे. त्या विचारतात, "खेड्यात राहणाऱ्या बाईनं हौस करूच नये का? केली तर विचारून करू की सरळ करून टाकू? आणि आमच्यासारख्या घरात शरद ऋतूची सजावट करायची तरी कशी?"

ताई,

हौस करावी. याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. दोन वर्षांपूर्वी तुम्ही एका तयार घरात राहायला आलात. तिथली प्रत्येक खुंटी आधीच कुणाची तरी होती. अशा घरात एक भिंत तरी आपल्या मनासारखी दिसावी असं वाटणं चूक नाही. नणंद हसली ते तुम्हाला लागलं, तेही समजतं. पण तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटलं की सासूबाईंच्या वाक्यातला अर्धाच भाग तुमच्या मनात राहिलाय. 'कायले टांगलं' हे तुम्ही ऐकलंत. त्याआधी त्या 'कापूस ठेवाले जागा नाही' असं म्हणाल्या होत्या, आणि ते शब्दशः खरं होतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घराची पुढची खोली ही बैठक नसते, गोदाम असतं. वेचणीचा कापूस संध्याकाळी गाठोड्यांनी येतो, तोलून कोपऱ्यात पडतो, आणि भाव बरा मिळेपर्यंत तिथेच वाढत जातो. दिवाळी येईपर्यंत ढीग खिडकीच्या गजांपर्यंत पोचतो, पोरं त्यावर उड्या मारतात, आणि घरातली बाई दिवसातून चार वेळा केसातला कापूस काढते. या खोलीत तुम्ही माळा लावल्या. जागाच चुकली होती. त्यावरून तुमच्या आवडीबद्दल काहीच ठरत नाही, आणि सासूबाईंच्या स्वभावाबद्दलही नाही.

आता त्या लाल पानांकडे येते. ती पानं मेपलची. उत्तर अमेरिकेत, युरोपात, जपानात सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या काळात दिवस लहान होतात, गारवा वाढतो, पानांतलं हिरवं द्रव्य विरतं आणि लाल-पिवळे रंग वर येतात. तिथल्या माणसानं तेव्हा दाराला लाल पानं लावली तर तो अंगणातलंच आत आणतो. आपल्याकडे ऑक्टोबरात झाडं वर्षभरातली सर्वांत हिरवी असतात. सागाची पानं झडतात ती जानेवारीनंतर, पळस उघडा पडून फुलतो तो शिमग्याच्या सुमारास. म्हणजे तुमच्या खिडकीबाहेर हिरवीगार तूर उभी आणि खिडकीवर वाळक्या पानांची माळ. कुणाला आवडत असेल तर जरूर लावावी, त्यात गुन्हा नाही. पण मग दर वर्षी सगळं विकतच आणावं लागणार, कारण त्यातलं काहीच तुमच्या शिवारात उगवत नाही.

आपल्या शरदाचे रंग वेगळे आहेत. नाल्याकाठचा कास पांढरा, फुटलेला कापूस पांढरा, कोजागिरीचं चांदणं आणि आटीव दूध पांढरं. त्यात झेंडूचा पिवळा-केशरी आणि पिकलेल्या सोयाबीनचा विटकरी. गंमत म्हणजे तुम्ही पाहता त्या व्हिडिओंत काचेच्या उंच बरणीत जी 'कॉटन स्टेम' ठेवलेली असते, ती बोंडं लागलेली पऱ्हाटीच, म्हणजे कापसाचं झाडच आहे. शहरात ती पैसे मोजून मागवतात. तुमच्याकडे ती शेतातच उभी आहे.

तेव्हा पहिला प्रश्न 'काय लावू' हा ठेवूच नका. आधी 'कुठे' आणि 'कधी' ठरवा.

कधीचं उत्तर यंदा सोपं आहे. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आला, त्यामुळे सगळे सण पुढे गेलेत. घटस्थापना 11 ऑक्टोबरला, दसरा 20 ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन थेट 8 नोव्हेंबरला. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरलेलं सोयाबीन शंभरेक दिवसांत निघतं, म्हणजे पावसानं दगा दिला नाही तर घट बसायच्या आधी मळणी आटोपलेली असेल. घटासाठी घर तसंही झाडून-पुसून निघतं. तुमची सजावट त्याच कामाला जोडा. वेगळा दिवस, वेगळा पसारा, वेगळं निमित्त काढलं की घरातल्यांना ते जास्तीचं काम वाटतं, आणि सोंगणीच्या दिवसांत जास्तीचं काम कुणालाच नको असतं.

त्याआधी मात्र भिंती बघा. पावसाळा सरला तरी जुन्या घराची ओल सरत नाही. मातीच्या भिंतीला खालून हातभर उंचीपर्यंत काळपट पट्टा दिसत असेल, लोणा फुलून पांढरी भुकटी पडत असेल, तर त्यावर काहीही टांगा, पंधरा दिवसांत वास धरेल. लोणा पाण्यानं धुऊ नका, पाणी मुरलं की क्षार पुन्हा वर येतात. कोरड्या ब्रशनं खरवडून भुकटी बाहेर टाका. दुपारी चार-पाच तास दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवा, ऑक्टोबरचं ऊन फुकट आहे. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला पागोळ्यांनी माती वाहून खड्डा पडला असेल तर तो भरून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी हीच कथा. भिंत सुकली की चुना, त्यात थोडी नीळ आणि पकडीला डिंक. मातीच्या भिंतीला ऑइलपेंट लावायचा मोह होतो, कारण तो पुसता येतो. पण त्याखाली ओल कोंडते आणि पापुद्रे सुटतात. चुना श्वास घेतो, म्हणून आपल्या आज्या तोच लावत होत्या.

स्लॅबच्या खोल्यांत ओल डोळ्यांना चटकन दिसत नाही. तिथे फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवा कोंदट आहे, खिडकी उघडणं पुरेसं आहे. एवढं कळल्याशिवाय रंगाचा डबा आणू नका.

आता जागेचं. पुढची खोली कापसाला सोडून द्यायची असं मी म्हणणार नाही, कारण येणारा-जाणारा तिथूनच येतो आणि तुम्हालाही तिथेच बसावं लागतं. माझी सूचना एका पडद्याची आहे. खोलीच्या ज्या बाजूला ढीग पडतो तिथे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मजबूत तार ओढून घ्या आणि त्यावर जुन्या लुगड्यांचा पडदा करा. नऊवारी सुती लुगडं आठ मीटरच्या आसपास भरतं, दोन लुगड्यांत अख्खी भिंत झाकते. रंग तुम्ही निवडा. काठ आडवे येऊ द्यायचे की उभे, तेही तुम्हीच ठरवा. पडदा असा लावला की उडणारा कापूस अलीकडे येत नाही, बैठक बैठकीसारखी राहते, आणि खोलीत शिरल्याबरोबर नजर जाते ती तुमच्या पडद्यावर. ढीग खाली बसत गेला, गाडी भरून गेली की पडदा सरकवून टाकायचा.

यात दोन गोष्टी सांभाळा. पडदा प्लास्टिकचा किंवा ताडपत्रीचा नको. कापसाला वारा लागला पाहिजे. ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला तर सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर माल नाकारतात आणि मग व्यापारी म्हणेल तो भाव घ्यावा लागतो. आणि लुगड्याच्या कडा दुमडून शिवून घ्या. रंगीत दोरे, चमकी, प्लास्टिकचे तुकडे कापसात गेले की ते जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढताना, निवडून निघत नाहीत, मालाची प्रत उतरते. गेल्या वर्षीच्या माळांवर चमकी होती का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल, तर सासूबाईंच्या हातांना ते काम का सुचलं हे वेगळं सांगायला नको.

साठवलेल्या कापसाजवळ बसलं-झोपलं की अंगाला खाज सुटते, ही तक्रार हल्ली गावोगाव ऐकू येते. लहान मूल किंवा म्हातारं माणूस त्या खोलीत झोपत असेल तर त्यांची खाट मागच्या खोलीत न्या. पडद्यानं थोडा फरक पडेल, सगळा नाही.

मेणबत्त्या या घरात नकोतच. मी सहसा कुणाला 'हे करूच नका' असं सांगत नाही, पण इथे सांगते. कापसाची एक पेळू पेट घ्यायला ठिणगी पुरते, आणि वर्षाची कमाई त्या ढिगात असते. लाइटची माळही कापसाच्या खोलीत लावू नका, पोत्यांखालून एक्स्टेंशनची वायर नेऊ नका. दिवा लावायचा तो देवघरात, तुळशीपाशी, नाहीतर कापसापासून लांब, दगडी ओट्यावर. लाइटची माळ मागच्या स्लॅबच्या खोलीत चालेल, पण पिवळसर उजेडाची घ्या. पाऊस सरता-सरता संध्याकाळी दिव्यावर पाखरांची झुंबड उडते. पांढऱ्या-निळसर उजेडावर ती जास्त येतात, पिवळ्यावर कमी.

आता वस्तू. यादी मागितलीत, पण मी थोडक्याच सांगेन आणि त्यांतल्याही सगळ्या करू नका.

पऱ्हाटीची फांदी ही पहिली. ज्या घरांत वेचणीच्या सुरुवातीला शेतात सीतादहीची पूजा करतात, त्यांनी त्याच दिवशी पूर्ण फुटलेल्या पाच-सात बोंडांची एखादी फांदी घरी आणावी. तुमच्याकडे करत असतील तर सासूबाईंनाच ती निवडायला सांगा. पानं खुडून टाका, फांदी दोन-चार दिवस कडक उन्हात वाळवा आणि रिकाम्या पितळी गडव्यात, पाण्याशिवाय, उभी करा. किडकं, अर्धवट फुटलेलं बोंड घेऊ नका. त्यात गुलाबी बोंडअळी असू शकते, आणि 2017 साली तिनं विदर्भात काय केलं ते तुमच्या सासऱ्यांना चांगलं आठवत असेल. हंगाम संपला की ती फांदीही शेतातल्या पऱ्हाटीबरोबरच निकालात काढा, पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नका.

कास दिसायला फार देखणा, पण घरात नाठाळ. पुरता फुललेला आणला तर तिसऱ्या दिवशी त्याच्या म्हाताऱ्या घरभर उडतात, आणि त्या कापसात गेल्या म्हणजे पुन्हा बोलणी. आणायचाच तर तुरे नुकते बाहेर पडलेले असताना कापा आणि छपरीत, बाहेरच्या अंगाला, मातीच्या मडक्यात ठेवा.

ज्वारीचे धांडे मिळाले तर बघा. मिळतीलच असं नाही, कारण सोयाबीन आल्यापासून आपल्याकडची खरिपाची ज्वारी पार आटली. पण भुलाबाई ज्यांच्या घरी बसते त्यांना तिच्या मखरासाठी धांडे शोधावेच लागतात. भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत महिनाभर भुलोजी-भुलाबाई, म्हणजे शंकर-पार्वती, घरात असतात, गल्लीतल्या पोरी संध्याकाळी गाणी म्हणायला येतात, डब्यातला खाऊ ओळखतात. घरात अंगभर सजलेला कोपरा हवा असेल तर याहून चांगलं निमित्त मला सुचत नाही. तुमच्या सासरी ही रीत आहे की नाही हे तुम्ही लिहिलं नाही. असेल आणि बंद पडली असेल, तर सुरू करायला कुणाची परवानगी लागणार नाही. एक पाट, पाच धांडे आणि गल्लीतल्या पोरी पुरे.

कणसं दाराला टांगणार असाल तर चिमण्या येतील हे धरून चाला, आणि घरात टांगलीत तर उंदीर. वाळक्या पानांचे, काडक्यांचे ढीग टोपलीत रचून कोपऱ्यात ठेवायची व्हिडिओतली कल्पना आपल्या घरांना लागू नाही. त्यात विंचू बसतो.

लाल कोहळं मात्र खुशाल ठेवा. देठासकट अख्खं, चुंबळीवर, वारं लागेल अशा जागी ठेवलं तर महिनोन्महिने टिकतं. ते कोरून त्यात दिवा लावायचा विचार असेल तर सोडा. आपल्या ऑक्टोबरच्या उन्हात कापलेलं कोहळं दोन दिवसांत पाणी सोडतं. खिडकीत पाहून मन भरलं की त्याची खायची गोड बोंडं तळा. बऱ्याच घरांत अख्ख्या कोहळ्याला पहिला सुरा बाईनं लावू नये अशी रीत आहे. तुमच्याकडे असेल, तर या निमित्तानं नवऱ्याला सजावटीत एक काम तरी मिळेल.

कापड घरातच आहे. खाटेवर, दिवाणावर ऑनलाइन आलेल्या कव्हरांऐवजी जुन्या लुगड्यांची वाकळ टाकून बघा. ऑक्टोबरच्या दुपारी उकाडा आणि पहाटे गारवा असतो, ती दोन्ही वेळा उपयोगी पडते. ती कव्हरंही फेकू नका. नारिंगी रंग वाईट नाही, झेंडूशेजारी शोभेल. माळ्यावर तांब्या-पितळेचं काळवंडलेलं गुंड, गंगाळ असेल तर चिंच आणि राखेनं घासून उजेड पडेल तिथे ठेवा. दसऱ्याला आपट्याची पानं सोनं म्हणून वाटायची तेवढी डहाळी पुरे. पोत्यानं पानं ओरबाडून आणायची पद्धत मला पटत नाही, आणि त्या ओरबाडण्यात बरीच पानं आपट्यासारख्या दिसणाऱ्या कांचनाची असतात.

आता तुमच्या सासूबाईंबद्दल. 'त्यांना सजावटीचं काही कळत नाही' असं तुम्ही स्पष्ट लिहिलं नाही, पण पत्राचा सूर तसा आहे. ज्या बाईनं तीस-एक वर्षं घटाच्या आधी घर सारवलं, उंबऱ्यावर बोटं उठवली, महालक्ष्म्यांच्या मागे कोणती साडी पडदा म्हणून लावायची ते ठरवलं, तिनं हे घर दर वर्षी सजवलंच आहे. तुम्हाला ते सजावट म्हणून दिसलं नाही, कारण त्यात विकत आणलेलं काही नव्हतं. त्यांना तुमचं दिसलं नाही, कारण त्यात घरातलं काही नव्हतं.

म्हणून उद्यापासून शेणामातीनं घर सारवायला बसा, असं मी सांगणार नाही. सारवणाचं कौतुक करणारे लेख मी खूप वाचले. ते लिहिणाऱ्यांची कंबर कधी धरली नसावी. जुन्या पद्धती सुंदर होत्या आणि त्या बायकांच्याच पाठीवर होत्या, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. तुमच्या वाट्याला घरकाम, शेतावरचा डबा आणि वेचणीला बाया मिळाल्या नाहीत तर स्वतः वेचणी, एवढं असताना सजावट हे आणखी एक कर्तव्य होऊ नये. जे तासाभरात होत नाही ते या हंगामात करू नका.

विचारून की न विचारता? पुढच्या खोलीचं विचारून. ती सगळ्यांची आहे आणि त्यात पीक आहे. पण 'मी सजावट करू का' असं विचारू नका. त्या प्रश्नाला 'नको' हे सोपं उत्तर आहे, कारण विचारणारीच परवानगीच्या सुरात असते. "आई, यंदा कापूस कोणत्या भिंतीला टाकायचा? तिथे पडदा बांधते, कापूस उडणार नाही," असं म्हणा, आणि लगोलग विचारा, "तुमच्या ट्रंकेतली कोणती लुगडी घेऊ?" ट्रंक उघडली की पुढचं बोलणं आपोआप होईल. एखादं लुगडं त्या देणार नाहीत. त्याचा आग्रह धरू नका, त्यामागे काहीतरी असतं.

मागची तुमची खोली मात्र न विचारता. तिथे मेपलची माळ लावायची असेल तर तीही लावा. गेल्या वर्षी गुंडाळून ठेवलेल्या माळा कुठे आहेत हे विचारायलाही हरकत नाही. आवाज न चढवता विचारा, वस्तू तुमची आहे.

पैशाचा मुद्दा पत्रात ओझरता आलाय, पण मला तो मोठा वाटतो. सोयाबीन विकलं जाईपर्यंत शेतकऱ्याच्या घरात सर्वांत जास्त ओढाताण असते. खत-फवारणीची उधारी डोक्यावर, मजुरीला रोख हवी, आणि पीक अजून शेतातच. त्या आठवड्यात दारात 2800 रुपयांचं पार्सल आलं. ते पैसे तुमचे होते की घरचे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. शिवणकाम, बचत गट, माहेरची भाऊबीज, कुठूनही आलेले तुमचे स्वतःचे असतील तर ते घरात माहीत असू द्या. घरचे असतील तर यंदा आकडा आधी ठरवा, तीनशे-चारशेच्या आत, आणि तार, खिळे, चुना, नीळ यांतच तो संपवा. बाकीचं शेतात आणि ट्रंकेत आहे.

याच प्रश्नाची पत्रं इतरांकडूनही येतात, म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. घरकुलात राहणाऱ्यांना 25 चौरस मीटरच्या हिशोबात कोपरा असा मिळतच नाही. तिथे जमीन सोडा, भिंत वापरा. डोळ्यांच्या उंचीवर एक फळी, तिच्यावर एक गडवा आणि ऋतूप्रमाणे त्यातलं बदलत राहायचं, बस. गावात भाड्यानं राहणाऱ्या शिक्षिका, नर्स, ग्रामसेविका यांना भिंतीला खिळे ठोकता येत नाहीत. त्यांनी पडदा आणि वाकळ यांच्यावरच भर द्यावा, बदली झाली की गाठोडं बांधून नेता येतं. ज्यांच्या घरी घट बसत नाहीत आणि दसऱ्याला दीक्षाभूमीला जायची गडबड असते, त्यांच्याकडेही ही साफसफाई त्याच आठवड्यात होते. वर्षावासाची सांगता आश्विन पौर्णिमेला, त्या दिवशी पांढऱ्या फुलांसोबत कापसाची फांदीही शोभेल. आणि भंडारा-गोंदियाकडच्या वाचकांनी सगळी हौस दिवाळीलाच संपवू नये. तुमच्याकडचे पाहुणे मंडईच्या जत्रेला येतात, भाऊबीजेनंतर.

राहता राहिला नवरा. 'आईचं बरोबर आहे' असं तो म्हणाला, आणि कापसाच्या बाबतीत ते बरोबरच होतं. पण बायकोचा उतरलेला चेहरा पाहून तेवढंच बोलून थांबणं बरोबर नव्हतं, आणि हे तुम्ही त्याला सांगितलं पाहिजे. वाद घालून नाही, आणि कापूस भरायच्या दिवशी तर नाहीच. तो निवांत असेल तेव्हा एवढंच सांगा की गेल्या वर्षी मला वाईट वाटलं, यंदा तार ओढायला तू पाहिजेस. भिंतीत खुंट्या ठोकायला, तार ताणायला नाहीतरी दोन माणसं लागतात. मातीच्या भिंतीत साधा खिळा धरत नाही, लाकडी खुंटी ठोकून तिच्यावर तार गुंडाळा, आणि मधे पडदा लोंबायला नको असेल तर वरच्या आड्याला एक दोरी बांधून तार उचलून घ्या.